टाळे कोणी लावले?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत काळ मोजण्याची एक नवी खूण आता रूढ झाली आहे. नातवाचा जन्म केव्हाचा, विहिरीचे काम केव्हा झाले, मुलीची शाळा कधी सुटली, अशा प्रश्नांना सन सांगून उत्तर देणारा माणूस विरळा. 'लॉकडाऊनच्या आधी', 'लॉकडाऊनमध्ये', 'लॉकडाऊन उठल्यावर' असेच उत्तर बहुधा मिळते. मागच्या पिढ्यांनी प्लेगच्या सालावरून आणि बहात्तरच्या दुष्काळावरून अशीच कालगणना केली होती. जी घटना लोकांच्या पोटापर्यंत पोहोचते तीच त्यांच्या पंचांगात शिरते. त्या अर्थाने हा इंग्रजी शब्द आता पुरता मराठी झाला आहे. बाजारात गिऱ्हाईक नसले की दुकानदार 'आज लॉकडाऊनच आहे' म्हणतो, आणि घरातून बाहेर न पडणाऱ्याला 'तुझा लॉकडाऊन अजून उठला नाही का' असे चेष्टेने विचारले जाते.

हा शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर बोलला जातो, हे मात्र लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. लॉकडाऊन 'लागला', लॉकडाऊन 'पडला', लॉकडाऊन 'वाढला', लॉकडाऊन 'उठला'. मराठीत ग्रहण लागते, सुतक लागते, दुष्काळ पडतो. ज्या गोष्टींना कर्ता नाही, किंवा ज्यांचा कर्ता माणसाच्या हाताबाहेरचा आहे, त्या गोष्टींसाठी ही क्रियापदे राखलेली आहेत. 'सरकारने लॉकडाऊन लावला' असेही कोणी म्हणतो. पण बोलण्याच्या ओघात सरकार गळून पडते आणि 'लॉकडाऊन लागला' एवढेच उरते. वाक्यातून कर्ता गेला की त्याच्याबरोबर जबाबदारीही जाते. सत्तेला यासारखी सोयीची दुसरी गोष्ट नाही.

शब्दांची ही चर्चा पंडिती करमणूक नव्हे. २०२० साली जे घडले त्याचा हिशेब अद्याप मांडला गेलेला नाही, आणि तो का मांडला गेला नाही याचे एक कारण या क्रियापदात दडलेले आहे.

शब्दाचा मूळ मालक

इंग्रजीतील 'लॉकडाऊन' हा शब्द अमेरिकेतील तुरुंगांतून आला. कैद्यांनी दंगा केला की सर्वांना आपापल्या कोठडीत कोंडून बाहेरून कुलूप घालायचे, या शिस्तीच्या उपायाला तिकडे १९७० च्या दशकापासून हे नाव होते. पुढे तो शाळा, इमारती, शहरे यांना लागू झाला आणि २०२० साली कॉलिन्स शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. तुरुंगाची परिभाषा नागरिकांना लागू होताना कोणाला फारसे खटकले नाही, हे जगाच्या त्या वेळच्या मनःस्थितीचे निदर्शक आहे.

मराठी वृत्तपत्रांनी या शब्दासाठी 'टाळेबंदी' हा प्रतिशब्द वापरला. तो सुटसुटीत होता, म्हणून रुळला. पण तो रिकामा पडलेला शब्द नव्हता. कामगार चळवळीच्या कोशात त्याची जागा पूर्वीपासून ठरलेली होती. 'संप' हे कामगाराचे हत्यार आणि 'टाळेबंदी' हे मालकाचे, अशी ही जोडी मुंबईच्या गिरण्यांच्या दरवाजांवर घडली आणि तेथून राज्यभरच्या कारखान्यांत पोहोचली. सकाळच्या पाळीला आलेला कामगार दरवाजाशी थबकतो, आतून कुलूप असते, बाहेर नोटीस डकवलेली असते. हे चित्र डोळ्यांसमोर आणल्याशिवाय जुन्या कार्यकर्त्याला 'टाळेबंदी' हा शब्द उच्चारता येत नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने या शब्दाची व्याख्या केली होती. कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम स्थगित करणे, किंवा कामावर असलेल्या कितीही माणसांना कामावर ठेवण्यास मालकाने नकार देणे म्हणजे टाळेबंदी. त्या व्याख्येत मालक होता. त्याच्यावर बंधनेही होती. लोकोपयोगी सेवांमध्ये चौदा दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय टाळे लावता येत नसे. वाटाघाटी चालू असताना लावता येत नसे. बेकायदा टाळेबंदीच्या काळातील वेतनासाठी कामगाराला दाद मागता येत असे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये, विरोधी पक्ष सभागृहाबाहेर असताना, संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली असून जुना कायदा इतिहासजमा झाला आहे. तिने चौदा दिवसांच्या सूचनेचे बंधन सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केले. मालकाची टाळेबंदी आणि कामगाराचा संप दोन्ही त्यात आले, आणि त्याचा खरा जाच संपालाच होणार आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता या पार्श्वभूमीवर २४ मार्च २०२० ची रात्र आठवावी. पंतप्रधान रात्री आठ वाजता दूरदर्शनवर आले आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस देश बंद राहील असे त्यांनी सांगितले. कामगाराने संप करायचा तर चौदा दिवस, मालकाने टाळे लावायचे तर चौदा दिवस, आणि शासनाने अवघ्या देशाला टाळे लावायचे तर चार तास. मालकाच्या टाळेबंदीला व्याख्या होती, मुदत होती, दाद मागण्याची जागा होती. शासनाच्या टाळेबंदीला यांपैकी काहीही नव्हते. कामगारांच्या कोशातला शब्द शासनाने उचलला. त्या शब्दाबरोबर येणारी बंधने मात्र तशीच मागे ठेवली.

पुणतांब्याचा धडा

कामगारांच्या कोशातला एखादा शब्द दुसऱ्या वर्गाने उचलावा, असे या जिल्ह्यात त्यापूर्वीही घडले होते. राहाता तालुक्यातील पुणतांबे गावाने १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांचा संप पुकारला तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. शेतकरी हा स्वतःच मालक, मग तो संप कोणाविरुद्ध करणार, असा विद्वत्तापूर्ण प्रश्न शहरांतून विचारला गेला. शेतकऱ्यांनी त्याला उत्तर दिले ते कृतीने. दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाणार नाही, असे त्यांनी ठरवले आणि काही दिवसांत राज्य सरकारला कर्जमाफीचा विषय अंगावर घ्यावा लागला.

त्या वेळी 'संप' हा शब्द गिरणीतून शिवारात आला, पण येताना कर्त्यासह आला. 'शेतकऱ्यांनी संप केला' असेच सर्वत्र म्हटले गेले. 'शेतकऱ्यांना संप लागला' असे कोणी म्हटले नाही. श्रमिकाने शब्द उसना घेतला तेव्हा त्याची जबाबदारीही घेतली. तीन वर्षांनी शासनाने 'टाळेबंदी' उसनी घेतली तेव्हा जबाबदारीचा भाग कापून घेतला. या दोन उसनवाऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे शब्दामागचे राजकारण स्वच्छ दिसते.

एक शब्द, अनेक कुलपे

'टाळेबंदी' या एकाच नावाखाली या जिल्ह्यात प्रत्यक्षात किती वेगवेगळ्या गोष्टी घडल्या, हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. सर्वांना सारखीच झळ बसली, 'आपण सारे एकाच संकटात होतो', हा जो समज पसरला आहे तो याच एकवचनी शब्दाने पसरवला आहे.

प्रथम ऊसतोड कामगार. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवराकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला आता पाऊणशे वर्षे झाली. सहकाराने या जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले, हे कोणी नाकारणार नाही. पण त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्याही पिढ्यानपिढ्या निघत आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल. फडाच्या कडेला पाचटाची कोपी. आणि उचल फिटेपर्यंत पहाटे सुरू होणारी तोड. २०२० च्या मार्चअखेरीस हंगाम उतरणीला लागला होता आणि टोळ्या परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. नेमक्या त्याच वेळी देश बंद झाला.

साखर ही जीवनावश्यक वस्तू. म्हणून गाळप चालू राहिले आणि तोडही चालू राहिली. जिल्ह्यांच्या सीमा मात्र बंद झाल्या. म्हणजे कापड दुकानातल्या नोकराच्या दृष्टीने टाळेबंदीचा अर्थ 'काम बंद' असा होता. ऊसतोड कामगाराच्या दृष्टीने तिचा अर्थ 'काम चालू, घरची वाट बंद' असा झाला. गाळप संपल्यावरही टोळ्या कारखान्यांच्या आवारात आणि फडांच्या कडेला अडकून पडल्या. बैलांच्या वैरणीचा प्रश्न होता, गावी म्हाताऱ्यांजवळ ठेवलेल्या मुलांचा घोर होता. राज्यभरात अशा रीतीने अडकलेल्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती. त्यांना तपासणी करून घरी पोहोचवण्याची परवानगी राज्य शासनाने दिली ती १७ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे देश बंद झाल्याला तीन आठवडे उलटून गेल्यावर. ज्यांच्या घामाची साखर जीवनावश्यक ठरली, त्यांचे स्वतःचे जीवन कोणत्याही यादीत आवश्यक म्हणून नोंदलेले नव्हते.

ते गावी पोहोचले तेव्हा तेथे दुसरे कुलूप होते. अनेक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले होते. भीती खरी होती. दवाखान्यांची अवस्था ठाऊक असलेल्या गावाला दुसरा उपाय सुचत नव्हता. तरीही आपल्याच गावच्या माणसांना वेशीबाहेर शाळेत किंवा रानात दिवस काढावे लागले, हेही 'लॉकडाऊन लागला' या तीन अक्षरी क्रियापदात बुजून गेले आहे.

दुसरी गोष्ट विडी कामगार स्त्रियांची. नगर शहरातील पद्मशाली वस्तीत आणि संगमनेर परिसरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि सूत आणायचे, रात्री उशिरापर्यंत वळायचे आणि हजारी मोजून द्यायची. 'घरी राहा, सुरक्षित राहा' हा उपदेश या स्त्रियांना करण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना होता. त्या घरीच होत्या, हात रिकामे होते. पाने आली नाहीत, तंबाखू आला नाही, म्हणून मजुरी आली नाही. कायद्याच्या जुन्या व्याख्येप्रमाणे मालकाने काम देणे थांबवले तर ती टाळेबंदी ठरू शकली असती आणि युनियनला दाद मागता आली असती. येथे मालकाने शासनाकडे बोट दाखवले आणि शासनाने रोगाकडे. रोगावर दावा लावता येत नाही.

तिसरी गोष्ट दुधाची. हॉटेले, मिठाईची दुकाने, शहरांतील चहाच्या टपऱ्या बंद झाल्या आणि दुधाची मागणी एका आठवड्यात कोसळली. गाय तर बंद ठेवता येत नाही. जी गाय मार्चमध्ये दूध देत होती ती एप्रिलमध्येही देत राहिली, पेंडीचा खर्च तेवढाच राहिला, आणि भाव लिटरला वीस रुपयांच्या आसपास व त्याहूनही खाली उतरला. शासनाने दररोज दहा लाख लिटर दूध पंचवीस रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. पण संकलनाच्या जाळ्याबाहेर राहिलेल्या छोट्या उत्पादकापर्यंत तो भाव पोहोचला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अकोले, संगमनेर भागापासून राज्यभर दूध उत्पादकांना रस्त्यावर उतरावे लागले ते यामुळे.

आणि नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर! या गावात घरांना दारे-कुलपे लावण्याची रीत नाही, म्हणून त्याची देशभर ख्याती. ज्या गावात टाळे ठाऊक नाही त्या गावालाही टाळेबंदी लागली. मंदिर २०२० च्या मार्चपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा एप्रिल ते ऑक्टोबर २०२१ या काळात भाविकांना बंद होते. फुले, तेल, प्रसाद विकणारे, जीपगाड्या चालवणारे, पाणपोयांवर आणि उपाहारगृहांत राबणारे, यांच्या घरांना तेव्हाही कुलूप नव्हते. कुलूप होते ते त्यांच्या रोजीला. २०२० साली लागलेले टाळे दाराचे नव्हतेच, हे या गावाइतके स्पष्टपणे दुसरीकडे कोठेही दिसले नसते.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तर या जिल्ह्याने एक विलक्षण प्रसंग पाहिला. ४ ऑक्टोबर रोजी राज्यात शाळा उघडत होत्या, ७ ऑक्टोबरला मंदिरे उघडणार होती. आणि त्याच ४ ऑक्टोबरपासून १३ ऑक्टोबरपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने या जिल्ह्यातील ६१ गावे बंद करण्यात आली. त्यांत सर्वाधिक गावे संगमनेर तालुक्यातील होती. दहापेक्षा अधिक सक्रिय रुग्ण असलेले गाव, हा त्याचा निकष होता. निकष वैद्यकीय होता आणि त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. पण सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत दहा दिवसांची मजुरी बुडणाऱ्या भूमिहीन घराचे काय, हा प्रश्न निकषात बसत नव्हता. रुग्ण मोजण्याची व्यवस्था होती. बुडालेली रोजी मोजण्याची व्यवस्था नव्हती.

ताळेबंद कोठे आहे?

मराठीत 'टाळेबंदी'च्या अगदी शेजारी एक शब्द राहतो, 'ताळेबंद'. जमा-खर्च, देणे-येणे यांचा शेवटी जुळवलेला ताळा म्हणजे ताळेबंद. लहानशा पतपेढीलाही तो दरवर्षी सभासदांपुढे ठेवावा लागतो. देशाच्या टाळेबंदीचा ताळेबंद मात्र कोणी ठेवला नाही.

काही नोंदी तरी येथे मांडल्या पाहिजेत. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की बंदच्या काळात मालकांनी कामगारांचे वेतन कपात न करता द्यावे. मालक न्यायालयात गेले. १८ मेपासून आदेश मागे घेण्यात आला आणि १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात असे सांगितले. ज्या कामगाराच्या घरात दोन महिने चूल नीट पेटली नव्हती, त्याने मालकाशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करायच्या होत्या. वेतनाच्या हक्काचे आयुष्य अशा रीतीने पन्नास दिवसांचे ठरले.

जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने दरमहा पाचशे रुपये देण्यात आले. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची केंद्राने ठरवलेली मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे एका महिन्याच्या बंदीची भरपाई, शासनाच्याच दराने, दोन दिवसांच्या मजुरीइतकी झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने पुन्हा निर्बंध लादले तेव्हा 'टाळेबंदी' हा शब्द टाळून 'ब्रेक द चेन' असे नाव दिले आणि नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक फेरीवाले व रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. तत्त्व म्हणून हे पाऊल पुढचे होते. टाळे लावणाऱ्याने काही द्यावे लागते, हे त्यात मान्य झाले होते. पण 'नोंदणीकृत' या विशेषणाच्या गाळणीतून ऊसतोड कामगार, शेतमजूर, आठवडी बाजारातला कटलरीवाला हे सारे खाली गळून गेले.

आणि मृत्यू? ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे, जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून पायी निघालेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. रात्रभर चालून थकल्यावर गाड्या बंद आहेत या समजुतीने ते रुळांवरच झोपले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. ते छायाचित्र देशाने पाहिले. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ सप्टेंबर रोजी, अशा स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी ठेवलेली नाही आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर केंद्र शासनाने लोकसभेत दिले. रोगाने मेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये मिळाले, तेही सर्वोच्च न्यायालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर बोट ठेवल्यावर. बंदीने मेलेल्यांची मोजदादही झाली नाही. ज्या घटनेला कर्ता नाही, तिच्यातील मृतांना वारस कोठून असणार?

बहात्तरने काय शिकवले

यावर असे म्हटले जाईल की रोग खरा होता, तो नवा होता, जगभर हेच उपाय झाले, आणि बंदी केली नसती तर बळी वाढले असते. हे सारे मान्य करण्यास हरकत नाही. समाजवादी विचाराला विज्ञानाशी वैर करता येत नाही, आणि साथीच्या काळात गर्दी रोखणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न टाळे लावण्याच्या अधिकाराचा नाही. त्या अधिकाराबरोबर येणाऱ्या देण्याचा आहे.

या संदर्भात १९७२ चे स्मरण करणे उचित होईल. नगर जिल्हा त्या दुष्काळात होरपळला. दुष्काळ मात्र खरोखरच 'पडला' होता. पाऊस न पाडण्याचा हुकूम कोणा मंत्र्याने काढला नव्हता. तरीही त्या वेळी लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलावांवर माती वाहायला गेली, ती दयेची याचना करीत गेली नाहीत. 'हाताला काम द्या' ही मागणी डाव्या आणि समाजवादी पक्षांनी, शेतमजुरांच्या संघटनांनी गावोगाव लावून धरली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे १९७७ च्या अधिनियमाने काम मागण्याचा हक्क कायद्यात आला. निसर्गाने रोजी हिरावली तर ती भरून देण्याची जबाबदारी शासनाची, हे तत्त्व महाराष्ट्राने देशाच्या आधी मान्य केले.

मग शासनाने स्वतःच्या हुकुमाने रोजी हिरावली तर जबाबदारी वाढायला हवी की संपायला हवी? निसर्गाच्या कृत्याचे देणे शासन मानते आणि स्वतःच्या कृत्याचे मानत नाही, हा कोणता न्याय? ही विसंगती लोकांच्या लक्षात येत नाही, याचे कारण 'लॉकडाऊन पडला' म्हणताना तोही दुष्काळाच्याच रांगेत जाऊन बसला आहे. फरक एवढाच, की दुष्काळाच्या मागे लढा उभा राहिला आणि लॉकडाऊनच्या मागे राहिला नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न अर्थखात्याकडून ठरल्याप्रमाणे येईल. त्याचेही उत्तर महाराष्ट्राने पूर्वी दिलेले आहे. रोजगार हमीसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. ज्याचा पगार दुष्काळातही थांबत नाही त्याने, ज्याची मजुरी थांबली आहे त्याच्यासाठी दरमहा काही रुपये द्यावेत, इतका साधा हा विचार होता. २०२० साली घरी बसून पूर्ण वेतन घेणारा एक वर्ग होता आणि त्याच महिन्यांत संपत्ती वाढलेला आणखी वरचा एक वर्ग होता. त्यांच्याकडून साथीच्या काळासाठी अधिभार घेण्यास तत्त्वाची अडचण नव्हती, इच्छेची होती.

दरही नवा शोधून काढावा लागत नाही. कच्चा माल नसल्याने किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे कारखाना चालवता आला नाही, तर ले-ऑफच्या काळात पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यावी लागते, असे कायदा कित्येक वर्षे सांगत आला आहे. कारखान्याच्या हजेरीपटावरील माणसाला जे लागू आहे ते फडातल्या कोयत्याला, हजारी वळणाऱ्या बाईला आणि बाजारतळावरच्या हमालाला का लागू नसावे? शासनाच्या आदेशाने काम थांबले तर किमान वेतनाच्या निम्मी रक्कम पहिल्या दिवसापासून, नोंदणी असो वा नसो, गावच्या यादीवरून देय राहील. परगावी अडकलेल्याला घरी पोहोचवण्याचा खर्च शासनाचा राहील. आणि बंदीमुळे झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद होईल. एवढ्या तीन गोष्टी साथीच्या कोणत्याही कायद्यात असल्या पाहिजेत. १८९७ साली प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला साथरोग कायदाच २०२० साली पुन्हा बाहेर काढावा लागला. त्या तुटपुंज्या कायद्यात अधिकाऱ्यांना संरक्षण होते, उपाशी माणसाला नव्हते. परकीय राज्यकर्त्यांकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती; स्वकीयांनी तोच कायदा सव्वाशे वर्षांनी तसाच वापरावा, हे लज्जास्पद आहे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येणार नाही असेही कोणी म्हणत नाही. त्या वेळी पुन्हा रात्री आठ वाजता घोषणा होईल आणि पुन्हा टोळ्या फडात अडकतील, की त्यापूर्वी देण्याघेण्याचा कायदा झालेला असेल, हे आजच्या कामावर अवलंबून आहे. कार्यकर्त्यांनी हे काम विधिमंडळाची वाट न पाहता गावात सुरू करावे. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील, त्यापूर्वी पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या प्रत्येक गावात कोण कोठे जाणार याची यादी ग्रामसभेत वाचून नोंदवून घ्यावी. विडी कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या वस्त्यांत २०२० व २०२१ साली प्रत्येक घराचे किती दिवस बुडाले, किती उसने घेतले, कोणता डाग गहाण पडला आणि सुटला की नाही, हे विचारून वहीत उतरवावे. सरकारने ठेवला नाही तो ताळेबंद लोकांनी ठेवावा.

आणि बोलताना एक पथ्य पाळावे. 'लॉकडाऊन' म्हणावे की 'टाळेबंदी', याबद्दल हट्ट धरण्याचे कारण नाही. लोकांनी स्वीकारलेला शब्द लोकांचा. क्रियापद मात्र सुधारून घ्यावे. टाळे लागले नव्हते, ते लावले गेले होते. आणि ज्याने लावले त्याचे नाव वाक्याच्या आरंभी आले पाहिजे. गिरणीच्या दरवाजाशी उभ्या असलेल्या अडाणी समजल्या गेलेल्या कामगाराने शंभर वर्षांपूर्वी 'मालकानं टाळं ठोकलं' असे व्याकरणशुद्ध वाक्य उच्चारले होते. त्या वाक्यातून संघटना झाली, संघटनेतून कायदा झाला. शिकल्यासवरल्या देशाला तेवढे शुद्ध वाक्य बोलता आले, म्हणजे हिशेब मागण्यास आरंभ होईल.